नवजात अतिदक्षता विभाग : आई-वडिलांनी काय जाणून घ्यावे

घरात बाळ येणार म्हणून महिनोन्महिने तयारी झालेली असते. दुपटी शिवून झालेली असतात, पाळणा माळ्यावरून उतरवून पुसून ठेवलेला असतो, नावावरून आजी-आजोबांचे लटके वाद झालेले असतात. आणि प्रसूतीच्या दिवशी बाळ आईच्या कुशीत येण्याऐवजी परिचारिकेच्या हातांतून घाईघाईने एका बंद दाराआड जाते. वडिलांपुढे सहीसाठी कागद येतो. आई वॉर्डात परतते तेव्हा शेजारच्या खाटांवर बाळे रडत असतात आणि तिच्या खाटेवर मात्र कोणी नसते. भेटायला आलेले नातेवाईक विचारतात, ‘‘बाळ कुठे आहे?’’ उत्तर मिळते, ‘‘काचेत ठेवले आहे.’’

‘काचेत ठेवले आहे’ हे शब्द ऐकले की पुढचा प्रश्न विचारण्याचे धैर्य कोणाला होत नाही. बाळ आता डॉक्टरांचे झाले, आपण बाहेर बसून प्रार्थना करायची आणि निरोपाची वाट पाहायची, असे बहुतेक आई-वडील गृहीत धरतात. आमचा हा लेख त्या समजुतीविषयी आहे. यंत्रे, औषधे आणि निदान हे डॉक्टरांचे व परिचारिकांचे काम आहे, हे खरे. परंतु आई-वडील त्या विभागात पाहुणे नसतात. आईचे दूध, आई-वडिलांचा स्पर्श आणि त्यांनी विचारलेले प्रश्न हा उपचारांचाच भाग असतो. आत काय दिसेल हे आधी ठाऊक असले तर भीती थोडी ओसरते आणि मनुष्य दाराबाहेर थबकून राहत नाही.

बाळाला तेथे का नेतात?

गर्भारपणाचे ३७ आठवडे पूर्ण होण्यापूर्वी जन्मलेल्या बाळाला अपुऱ्या दिवसांचे बाळ म्हणतात. जन्मतः वजन अडीच किलोपेक्षा कमी असेल तर ते कमी वजनाचे आणि दीड किलोपेक्षा कमी असेल तर अतिशय कमी वजनाचे बाळ मानले जाते. अशा बाळांना श्वास घेणे, अंगाची ऊब टिकवणे आणि दूध ओढणे या तिन्ही गोष्टी जड जातात. काही बाळे पूर्ण दिवसांची आणि चांगल्या वजनाची असूनही जन्मताच रडत नाहीत. काहींना जंतुसंसर्ग होतो, काहींची कावीळ झपाट्याने वाढते, काहींच्या रक्तातील साखर उतरते, तर काहींना जन्मतःच असलेल्या दोषासाठी शस्त्रक्रिया लागते. म्हणजे अतिदक्षता विभागात गेलेले प्रत्येक बाळ मरणाच्या दारात असते असे मुळीच नाही. कोणी दोन दिवसांत आईकडे परतते, कोणाला दोन महिने लागतात.

अपुऱ्या दिवसांच्या बाळाची सर्वांत मोठी अडचण असते ती फुप्फुसांची. फुप्फुसांतील हवेच्या इवल्या पिशव्या प्रत्येक उच्छ्वासानंतर मिटून चिकटू नयेत म्हणून त्यांच्या आत एक स्निग्ध थर असतो. त्याला सरफॅक्टंट म्हणतात. फार लवकर जन्मलेल्या बाळात तो पुरेसा तयार झालेला नसतो. ही गोष्ट अमेरिकेतील डॉ. मेरी एलन एव्हरी यांनी १९५९ मध्ये दाखवून दिली. परंतु त्यावर औषध तेव्हा नव्हते. ७ ऑगस्ट १९६३ रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांना पुत्र झाला. सुमारे साडेपाच आठवडे आधी जन्मलेल्या त्या बाळाचे वजन जवळजवळ २.१ किलो होते. पॅट्रिक हे नाव ठेवून त्याला लगेच बाप्तिस्मा देण्यात आला. जगातील सर्वांत सामर्थ्यवान मानल्या जाणाऱ्या पित्याने त्याच्यासाठी शक्य ते सारे केले, तरी फुप्फुसांच्या याच विकाराने ९ ऑगस्टला बाळाने प्राण सोडला. पुढे १९८० मध्ये जपानचे डॉ. फुजिवारा यांनी बाहेरून सरफॅक्टंट देऊन अशी बाळे वाचवता येतात हे सिद्ध केले. आज पॅट्रिकएवढे बाळ नागपुरात वेळेवर योग्य ठिकाणी पोहोचले, तर त्याचे आई-वडील त्याला घरी घेऊन जाण्याची आशा नक्कीच धरू शकतात.

‘वेळेवर’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. दिवस भरण्यापूर्वी कळा सुरू झाल्या, तर बाळ जन्मल्यावर धावपळ करण्यापेक्षा आईलाच मोठ्या रुग्णालयात हलवणे अधिक सुरक्षित असते. बाळासाठी आईच्या पोटासारखी दुसरी रुग्णवाहिका नाही. शिवाय प्रसूतीपूर्वी आईला स्टेरॉइडची इंजेक्शने देता आली, तर बाळाची फुप्फुसे लवकर तयार होण्यास मदत होते.

सरकारी व्यवस्थेत या उपचारांच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. प्रसूतीच्या खोलीतच नवजात बाळासाठी एक कोपरा असतो. ठराविक ग्रामीण रुग्णालयांत बाळाला स्थिर करण्याचा छोटा कक्ष, जिल्हा व स्त्री रुग्णालयांत विशेष नवजात काळजी कक्ष, ज्याला सारे ‘एसएनसीयू’ म्हणतात, आणि वैद्यकीय महाविद्यालयांत पूर्ण अतिदक्षता विभाग, म्हणजेच ‘एनआयसीयू’. नागपुरात गांधीबागेतील डागा स्मृती शासकीय स्त्री रुग्णालय, मेयो, मेडिकल आणि मिहानमधील एम्स या सरकारी संस्थांचे दार अशा कुटुंबांसाठी उघडे आहे. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीपासून मध्य प्रदेशातील छिंदवाडा, बालाघाटपर्यंतची माणसे या शहरात बाळांना घेऊन येतात.

आत गेल्यावर काय दिसते?

प्रथम दिसतो तो प्रकाश आणि ऐकू येतात ते यंत्रांचे आवाज. मग लक्षात येते की, एवढ्या यंत्रांच्या मधोमध आपले बाळ आहे, आणि ते आपण कल्पिले होते त्याहून कितीतरी लहान आहे. त्याची कातडी पातळ व लालसर, अंगावर मऊ लव, कान दुमडलेले. हे सारे अपुऱ्या दिवसांमुळे असते आणि दिवसांबरोबर बदलते.

बाळ काचेच्या बंद पेटीत असेल किंवा वरून उष्णता देणाऱ्या उघड्या पाळण्यावर असेल. त्या पाळण्याला वॉर्मर म्हणतात. बाळाच्या पोटावर चिकटवलेली छोटी चकती त्याचे तापमान मोजते आणि त्याप्रमाणे यंत्राची उष्णता कमी-जास्त होते. साडेछत्तीस ते साडेसदतीस अंश सेल्सियस एवढे तापमान राखणे हा पहिला उपचार. नागपूरचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांवर जातो म्हणून बाळाला उबेची गरज नाही असे समजू नये. दीड किलोचे बाळ कूलरच्या एका झोतानेही गार पडू शकते.

बाळाच्या पायाला किंवा हाताला लाल दिवा असलेली पट्टी बांधलेली असते. ती रक्तातील ऑक्सिजनचे प्रमाण आणि नाडीचे ठोके पडद्यावर दाखवते. नवजात बाळाचे ठोके मिनिटाला १२० ते १६० असतात. मोठ्या माणसाच्या मानाने ते दुप्पट वाटले तरी बाळासाठी ते योग्यच आहेत. ऑक्सिजनचा आकडा शंभर नाही म्हणून काळजी करू नये. ऑक्सिजनवर असलेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळात तो साधारणतः ९० ते ९५ च्या दरम्यान मुद्दाम ठेवला जातो, कारण अतिरेकी ऑक्सिजन बाळाच्या डोळ्यांच्या पडद्याला इजा करतो. ऑक्सिजन हेही औषधच आहे आणि औषधाला मात्रा असते.

नाकात दोन छोट्या नळ्या आणि शेजारी पाण्याच्या बाटलीत उठणारे बुडबुडे दिसले, तर ते ‘सीपॅप’ यंत्र आहे. बाळ स्वतःच श्वास घेत असते. यंत्र फक्त फुप्फुसे मिटू देत नाही. ज्याला तेवढे पुरत नाही त्याच्या श्वासनलिकेत नळी घालून व्हेंटिलेटर लावतात. नळीमुळे त्याच्या रडण्याचा आवाज येत नाही, हे आईला फार लागते; नळी निघाली की आवाज परत येतो. तोंडातून किंवा नाकातून पोटात गेलेली बारीक नळी दुधासाठी असते, कारण ओढणे, गिळणे आणि श्वास घेणे यांचा मेळ साधारण ३४ व्या आठवड्याच्या सुमारास जमू लागतो. नाळेच्या जागी किंवा हाताला लावलेल्या नळीतून औषधे आणि पोषण जाते.

डोळ्यांवर पट्टी बांधून निळ्या प्रकाशाखाली ठेवलेले बाळ काविळीचे असते. या उपचाराची सुरुवात १९५० च्या दशकात इंग्लंडमधील रॉचफर्ड रुग्णालयात झाली. तेथील परिचारिका सिस्टर जीन वॉर्ड बाळांना बागेत नेत असत. बाळाच्या अंगाचा जो भाग उन्हात होता तेथील पिवळेपणा कमी झाल्याचे तिथे लक्षात आले. त्यातून हे दिवे आले. मात्र म्हणून ‘कोवळे ऊन दाखवा, कावीळ उतरेल’ या सल्ल्यावर विसंबून रुग्णालयात जाण्यास उशीर करू नये. वाढलेली कावीळ बाळाच्या मेंदूला कायमची इजा करू शकते.

आणि तो सतत वाजणारा अलार्म. बाळाने पाय झाडला, पट्टी सरकली, सलाइन संपत आले तरी तो वाजतो. खूप लवकर जन्मलेली बाळे मधूनच श्वास घ्यायचे विसरतात, तेव्हाही वाजतो. परिचारिका प्रथम बाळाकडे पाहते आणि मग यंत्राकडे. आपणही तसेच करावे. पडद्यावरील आकड्यांवर नजर खिळवून बसल्याने मन थकते. बाळाच्या चेहऱ्याकडे पाहावे.

हात धुणे हा पहिला संस्कार

विभागात शिरण्यापूर्वी अंगठ्या, बांगड्या, घड्याळ काढून कोपरापर्यंत हात साबणाने नीट धुण्यास सांगतात. हा नियम रोज आणि प्रत्येक वेळी पाळावा. या बाळांचा सर्वांत मोठा शत्रू जंतुसंसर्ग आहे आणि तो बहुधा हातांवरून येतो. मोबाइल बाहेर ठेवावा. सर्दी-खोकला असेल तर परिचारिकेला आधी सांगावे. नातेवाइकांच्या रांगा आत सोडत नाहीत याचा राग धरू नये.

आपल्या कुटुंबांत बाळाच्या उशाशी जपमाळ, पदक किंवा पवित्र चित्र ठेवण्याची इच्छा असते. ती बाळाच्या अंगाजवळ ठेवू नयेत, कारण दोऱ्यात व धातूच्या खाचांत जंतू राहतात. पवित्र तेल बाळाच्या अंगाला परस्पर लावू नये. परिचारिकेने परवानगी दिली तर स्वच्छ पिशवीत बंद केलेले छोटे चित्र पाळण्याच्या बाहेरच्या बाजूला लावता येईल. न दिल्यास बाळाजवळ उभे राहून मनात केलेली प्रार्थना पुरेशी आहे.

फक्त आईच देऊ शकते असे औषध

पहिल्या दिवसाचे घट्ट, पिवळसर दूध, ज्याला आपण चीक म्हणतो, ते थेंबभर आले तरी टाकून देऊ नये. अपुऱ्या दिवसांच्या बाळाची आतडी नाजूक असतात. आईच्या दुधाने त्यांना होणाऱ्या गंभीर विकाराचा धोका कमी होतो आणि संसर्गाशी लढण्याची शक्ती मिळते. सुरुवातीला बाळाला एका वेळी एक-दोन मिलिलिटरच दूध देतात. ते पाहून ‘एवढ्याने काय होणार’ असे वाटते. परंतु आतड्यांना जागे करण्यासाठी तेवढेच लागते.

बाळ ओढू शकत नसले तरी आईने प्रसूतीनंतर लवकरात लवकर, शक्य तर पहिल्या काही तासांतच हाताने दूध काढण्यास सुरुवात करावी. दिवसातून आठ ते दहा वेळा, रात्रीही. दूध काढले नाही तर ते आटते. पहिले दोन-तीन दिवस वाटीत काहीच पडले नाही तरी खचू नये. वाटी-चमच्याने किंवा आपल्या जुन्या बोंडल्यासारख्या भांड्याने पाजायला परिचारिका पुढे शिकवतात. बाटली आणू नये.

याबाबतीत महाराष्ट्राने आशिया खंडाला वाट दाखवली आहे. मुंबईच्या सायन येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली. ज्या बाळाच्या आईला दूध नाही किंवा आईच नाही, त्याला दुसऱ्या मातेचे तपासलेले, निर्जंतुक केलेले दूध मिळू लागले. बाळाला मातेचे दूध मिळालेच पाहिजे, हा आग्रह त्यामागे होता. आपल्या बाळासाठी दूध पुरत नसेल, तर परस्पर पावडरचा डबा आणण्याऐवजी पेढीचे दूध मिळेल का, हे डॉक्टरांना विचारावे.

छातीशी धरलेले बाळ

१९७८ मध्ये कोलंबियातील बोगोटा शहरात डॉ. एडगर रे सनाब्रिया यांच्यापुढे अडचण होती ती पेट्या कमी आणि बाळे जास्त ही. त्यांनी बाळांना आईच्या छातीशी उघड्या अंगाने बांधून ठेवण्यास सांगितले. गरजेपोटी सुरू झालेली ही ‘कांगारू पद्धत’ पुढे जगभर स्वीकारली गेली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला एक मोठा अभ्यास भारतातील एका रुग्णालयासह पाच देशांत झाला. एक किलो ते १.८ किलोपर्यंतच्या बाळांना, ती पूर्ण स्थिर होण्याची वाट न पाहता, जन्मानंतर लगेच आईच्या छातीशी ठेवले तर पहिल्या २८ दिवसांतील मृत्यू सुमारे एक चतुर्थांशाने कमी होतात, असे त्यात आढळले. त्यानंतर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तशी शिफारस केली.

कृती सोपी आहे. बाळाला फक्त लंगोट, टोपी आणि मोजे. आई मागे रेलून बसते. बाळ तिच्या दोन स्तनांच्या मध्ये उभे, मान एका बाजूला वळवलेली. वरून कापडाची बांधणी आणि पांघरूण. एका वेळी निदान तासभर, आणि दिवसात जितके जास्त तास जमतील तितके. नळ्या लागलेल्या असतानाही परिचारिकेच्या मदतीने हे शक्य असते. आईला शस्त्रक्रियेनंतर उठता येत नसेल तर वडील, आजी, मावशी यांपैकी कोणीही निरोगी व्यक्ती बाळाला छातीशी घेऊ शकते. पुरुषाने बाळाला असे घेऊन बसावे यात संकोच वाटण्यासारखे काही नाही. संत योसेफाने बाळ येशूला कडेवर घेतलेले चित्र आपल्या घराघरांत आहे.

केंद्र शासनाने २०१७ मध्ये ‘कुटुंबाच्या सहभागातून काळजी’ यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. सरकारी नवजात कक्षांत आई-वडिलांना हात धुणे, दूध पाजणे, बाळाची स्वच्छता व कांगारू पद्धत शिकवून काळजीत सामील करून घ्यावे, असे त्यात आहे. तेव्हा ‘मला आत येऊन काय करता येईल?’ असे विचारणे म्हणजे आगाऊपणा नव्हे.

डॉक्टरांशी बोलताना

दिवसातून एक ठराविक वेळ डॉक्टर पालकांशी बोलतात. ती वेळ विचारून ठेवावी, शक्यतो दोघांनी जावे आणि प्रश्न वहीत लिहून न्यावेत. बाळाला नेमके काय झाले आहे? आज काल कसे होते आणि आज कसे आहे? पुढील दोन दिवसांत कशाकडे लक्ष ठेवायचे आहे? दूध किती चालू आहे? आम्ही काय करावे? शब्द समजला नाही तर पुन्हा विचारावा. सही करण्यापूर्वी कागद वाचावा किंवा वाचून घ्यावा.

प्रकृतीचा आलेख सरळ वर जात नाही. आज व्हेंटिलेटर निघाला आणि परवा पुन्हा लावला, असे होते. पहिल्या आठवड्यात बाळाचे वजन घटते. पूर्ण दिवसांच्या बाळाचे दहा टक्क्यांपर्यंत, अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे त्याहून थोडे अधिक. दीड-दोन आठवड्यांत ते जन्माच्या वजनावर येते. या चढउताराला कंटाळून किंवा कोणाच्या सांगण्यावरून, डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध बाळाला घरी नेण्याचा निर्णय घेऊ नये. पैशाची अडचण असेल तर तीच स्पष्ट सांगावी. सरकारी रुग्णालयात हलवण्याची व्यवस्था होऊ शकते.

आणखी एक प्रश्न विदर्भातील पालकांच्या मनात असतो. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षाला आग लागून १० बाळे दगावली. ती वेदना विसरण्याजोगी नाही. रात्रपाळीला किती परिचारिका असतात, आगीच्या वेळी बाहेर पडण्याचा मार्ग कोणता, हे शांतपणे विचारण्याचा पालकांना अधिकार आहे.

खर्चाविषयी

जून २०११ पासून जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयांत आजारी नवजात बाळाचे औषध, तपासण्या, रक्त आणि ने-आण विनामूल्य आहे. प्रथम ही सोय जन्मापासून ३० दिवस होती, पुढे ती एक वर्षापर्यंत वाढवण्यात आली. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेशी जोडलेल्या रुग्णालयांत ‘आरोग्यमित्र’ बसतो. आपल्या बाळाचा उपचार योजनेत बसतो का, हे पहिल्याच दिवशी त्याला विचारावे. शिधापत्रिका, आधार कार्ड आणि जन्माची नोंद हाताशी ठेवावी. दागिना गहाण टाकण्यापूर्वी ही चौकशी करावी, एवढेच आमचे सांगणे आहे.

आईकडेही कोणी पाहावे

सव्वा महिना बाळंतिणीने खोलीबाहेर पडू नये, अशी आपल्याकडे रीत आहे. तिच्या विश्रांतीसाठी ती चांगली. परंतु बाळ रुग्णालयात असताना त्या रीतीपायी आईला बाळापासून तोडणे दोघांच्याही हिताचे नाही. तिला बसण्याची सोय, वेळेवर गरम जेवण आणि सोबत द्यावी. ‘तू नीट खाल्ले नाहीस’, ‘तू जड उचललेस’ असे बोल लावू नयेत. बाळ लवकर का जन्मले याचे कारण अनेकदा डॉक्टरांनाही सापडत नाही. ते आईच्या माथी मारण्याचा अधिकार कोणालाच नाही. मुलगी आहे म्हणून खर्चाचा हिशेब करणारा एखादा आवाज घरात उठला, तर तो तेथेच थांबवावा. आई दोन आठवड्यांनंतरही सतत रडत असेल, झोपत नसेल, बाळाकडे पाहू इच्छित नसेल, तर ते दुखणे आहे आणि त्यावर उपचार आहेत. वडीलही थकतात. दिवसा नोकरी, रात्री रुग्णालयाच्या व्हरांड्यात चटई, आणि सर्वांना धीर देण्याचे काम त्यांचेच, हे फार दिवस चालत नाही.

बाप्तिस्मा आणि कठीण प्रसंग

बाळाच्या जिवाला धोका असेल तर त्याला विलंब न लावता बाप्तिस्मा द्यावा, असे ख्रिस्तसभेचा कायदा सांगतो. धर्मगुरू वेळेत पोहोचू शकत नसतील तर योग्य हेतू असलेली कोणतीही व्यक्ती, आई, वडील किंवा परिचारिका, तो देऊ शकते. त्यासाठी बाळाच्या मस्तकावर पाणी वाहायला हवे आणि पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्म्याचे शब्द उच्चारायला हवेत. अतिदक्षता विभागात डॉक्टरांना विचारून निर्जंतुक पाण्याचे काही थेंब वापरता येतात. दिवस, वेळ आणि बाप्तिस्मा कोणी दिला हे लिहून ठेवून धर्मग्रामाच्या फादरांना कळवावे, म्हणजे नोंदवहीत नोंद होईल. बाळ बरे झाल्यावर उरलेले विधी चर्चमध्ये करता येतात. बाप्तिस्मा पुन्हा दिला जात नाही.

सर्व बाळे वाचत नाहीत, हे आम्ही लपवणार नाही. तशी वेळ आलीच तर बाळाला कुशीत घेण्याची इच्छा आई-वडिलांनी संकोच न करता सांगावी. त्याला नावाने हाक मारावी. बाप्तिस्मा राहून गेला म्हणून स्वतःला दोषी मानू नये. ख्रिस्तसभा अशा बाळांना देवाच्या दयेच्या स्वाधीन करते, आणि २००७ मध्ये आंतरराष्ट्रीय ईशज्ञान आयोगानेही त्यांच्या तारणाविषयी आशा बाळगण्यास सबळ आधार असल्याचे म्हटले आहे. आई-वडिलांची बाप्तिस्म्याची इच्छा होती, अशा बाळाचा अंत्यविधी महागुरुस्वामींच्या परवानगीने ख्रिस्ती पद्धतीने होऊ शकतो.

घरी जाताना

बाळ स्वतः ऊब राखते, दूध नीट घेते आणि सलग काही दिवस वजन वाढते आहे, असे दिसले की घरी सोडतात. हा दिवस आनंदाचा, तसाच धास्तीचाही. यंत्रे नाहीत, परिचारिका नाहीत. सुटी होण्यापूर्वी लसीकरण, पुढच्या भेटीची तारीख आणि डोळ्यांच्या तपासणीचा दिवस लिहून घ्यावा. ३४ आठवड्यांपूर्वी किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या जन्मलेल्या बाळाच्या डोळ्यांचा पडदा साधारण महिनाभरात तपासावाच लागतो. फार लहान बाळांचा त्याहूनही आधी. बाहेरून डोळे चांगले दिसतात म्हणून ही तारीख चुकवू नये. दृष्टी एकदा गेली की परत येत नाही. ऐकण्याची तपासणीही करून घ्यावी.

घरी कांगारू पद्धत चालू ठेवावी. गुटी, मध, काजळ, कानात तेल यांतले काही करू नये. बाळ दूध ओढेनासे झाले, अंग गार किंवा तापलेले लागले, मिनिटाला ६० पेक्षा जास्त श्वास चालू झाले, छाती आत ओढली जाऊ लागली, झटका आला किंवा तळहात-तळपाय पिवळे दिसले, तर थेट रुग्णालय गाठावे. रुग्णवाहिकेसाठी १०८ क्रमांक आहे.

गावातील आशाताई ठराविक दिवशी घरी येऊन बाळाचे वजन व तापमान पाहतात. या भेटींमागेही विदर्भाचाच अनुभव आहे. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेल्या डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीतील ३९ गावांत गावच्याच स्त्रियांना नवजात बाळाची काळजी घेण्यास शिकवले, आणि तिसऱ्या वर्षापर्यंत तेथील नवजात मृत्यूदर शेजारच्या गावांच्या तुलनेत ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. २०११ पासून आशाताईंमार्फत ही पद्धत देशभर पोहोचली.

धर्मग्रामातील भाविकांनाही येथे काम आहे. बाहेरगावाहून आलेल्या कुटुंबाला रात्री निवारा, दोन वेळचा डबा, घरी राहिलेल्या थोरल्या मुलाची शाळेची ने-आण, रक्तदान. आणि बाळाची चौकशी करताना ‘वाचेल ना?’ असे न विचारता, ‘आज बाळाला भेटलात का?’ असे विचारावे. त्या प्रश्नाने आई-वडील बाहेरच्या बाकावरून उठतील, हात धुतील आणि आत जातील. बाळाला त्या वेळी त्यांचीच गरज असते.